धाकटीची सावली

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली होती, आणि त्या खोलीत दर रविवारी दुपारी सैतानाची पूजा चालते असं सगळ्या गल्लीचं ठाम मत होतं. कुणी म्हणे तिथे काळी मांजरं नेतात, कुणी म्हणे रक्त पितात. उचलली जीभ लावली टाळ्याला! प्रत्यक्षात वर काय चालायचं, तर सात-आठ प्रौढ माणसं पडदे ओढून बसायची, आणि दातांचे एक निवृत्त डॉक्टर त्यांना बजावायचे की बिस्किटांचा चुरा गालिच्यावर सांडू नका, मुंग्या येतात. ज्या सैतानाच्या घरी मुंग्यांची एवढी धास्ती, त्याला कुणी आणि का भ्यावं?

नाव मात्र ते ल्युसिफरचंच घेत, हे खरं. नव्या माणसाला डॉक्टर दात तपासावेत तितक्या शांतपणे समजावून सांगत. "ल्युसिफर म्हणजे उजेड आणणारा. पहाटेची चांदणी. ती उगवते अंधारात आणि विरते उजेडात, म्हणजे दोन्हीकडची. आम्ही त्याच्यापुढे नाक घासत नाही आणि त्याच्याकडे काही मागतही नाही. त्याचं एवढंच ऐकतो की स्वतःवर उजेड पाड. आणि उजेड पाडलास की सावली पडणारच. तिच्याकडे पाठ फिरवू नकोस."

त्यांची रीत साधी होती. एकच दिवा लावायचा, त्याच्याकडे पाठ करून कोऱ्या भिंतीसमोर बसायचं. भिंतीवर आपली सावली पडते. तिला आपण केलेली एक अशी गोष्ट सांगायची, जी आपण कुणाला दाखवत नाही. रडायचं नाही, माफी मागायची नाही. "ही माझी," एवढं म्हणायचं आणि थोडा वेळ तिच्यासमोर गप्प बसायचं. नियमही एकच होता, पण तो डॉक्टर दर रविवारी न चुकता सांगत. दुसऱ्याच्या सावलीला हात लावायचा नाही.

या मंडळींत एक बाई होती, जी नाट्यगृहात दिव्यांचं काम करायची. तिथे तिला सगळे दिवेवाली म्हणत आणि घरी ती थोरली. नट कितीही मोठा असो, त्याचा चेहरा कसा दिसणार हे थोरलीच्या बोटांवर ठरायचं. समोरून भसाभस उजेड मारला की चेहरा ताटासारखा सपाट होतो. नाक जातं, डोळे जातात, माणूस जातो. एका बाजूने उजेड कमी केला, की गालावर सावली उतरते आणि माणूस परत येतो. इतकं ज्ञान पदरी असूनही थोरली भिंतीसमोर बसली की सांगायची काय? एकदा विंगेतली कुणाची तरी छत्री उचलून नेली. एकदा सहकाऱ्याची चूक साहेबांच्या कानावर घातली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

थोरलीची आई त्या वर्षी गेली. आई धाकटीकडे राहायची. धाकटी घरीच कपडे शिवायची, आणि आईचं उठणं-बसणं, औषधं, रात्रीची जागरणं सगळं तिच्याच अंगावर होतं. थोरली अधूनमधून फळं घेऊन जायची, आईच्या उशाशी बसायची आणि तालीम आहे म्हणून उठायची. आई गेली त्या दिवशीही ती नाट्यगृहातच होती. धाकटीने फोनवर फोन केले, पण रंगीत तालीम चालू होती, फोनचा आवाज बंद होता. असं सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, आणि कुणी त्याबद्दल तिला बोल लावला नव्हता.

आई गेल्यावर धाकटी खचली. मशीनला हात लावेना, जेवेना, उजेड नको म्हणून खिडकी उघडेना. थोरली भेटायला जाई तेव्हा अंधारात एक आकार बसलेला असे, आणि तो आकार म्हणजे आपली बहीण, हे तिला दर वेळी नव्याने ओळखावं लागे. एकदा थोरलीने तिला वेणी घालायला म्हणून जवळ ओढलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"ताई, तू फोन उचलेनास, मग मी मशीनवर जाऊन बसले. आई हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. मशीनचं पायडल आणखी दाबलं, म्हणजे तिचा आवाज येणार नाही. कंटाळले होते गं मी. बाही पुरी झाल्यावर गेले, तर ती..."

"काय म्हणत होती आई?"

धाकटीने मान हलवली. "ते नको विचारूस."

थोरली तिला म्हणाली, चल माझ्याबरोबर, भिंतीसमोर बस, बोल. धाकटी म्हणाली, "मला नको तुमचा तो ल्युसिफर. मला मरायचंय." आणि हे ती रागाने नाही, भाजी संपली आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. थोरलीला पुढचं दिसायला लागलं. आई गेली होती, आता हीही जाणार, आणि आपण पुन्हा फळांची पिशवी घेऊन उशिराच पोचणार.

तेव्हा तिने जे केलं, ते या पंथाचं माणूसच करू जाणे. दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

पुढच्या रविवारी ती भिंतीसमोर बसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझी आई हाका मारत होती. मी शिवत होते. मी पायडल दाबलं, म्हणजे तिचा आवाज येणार नाही."

मागून डॉक्टरांची खुर्ची करकरली. "हे तुझं आहे?"

चोराच्या मनात चांदणं. थोरलीला वाटलं, सगळ्यांना कळलंय. पण ती मागे वळली नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "ही माझी."

भिंतीवरची सावली थोडी फुगली. दिव्याची वात हलावी तशी, पण दिवा विजेचा होता. मग तिच्या कडेने दुसरी एक कड सुटून आली, फिकट, जरा बारीक खांद्यांची. आणि त्याच क्षणी तिच्या कानात मशीन सुरू झालं. घरघर, घरघर, आणि त्या घरघरीच्या पलीकडे, शेजारच्या खोलीतून, आईचा दमलेला आवाज: "पुरे कर आता. पाय दुखतील तुझे."

आई मदतीसाठी हाका मारतच नव्हती. ती लेकीला थांब म्हणत होती. थोरली तिथेच भिंतीला डोकं टेकून बसून राहिली, आणि डॉक्टरांनी पडदे उघडले तरी उठली नाही.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली तर काय! खिडक्या उघड्या, फरशी पुसलेली, धाकटी आंघोळ करून, केस विंचरून मशीनवर बसलेली आणि गाणं गुणगुणत असलेली. "ये ना ताई, चहा टाकते." सुंठीवाचून खोकला गेला, असं थोरलीला वाटलं. तिने बहिणीला मिठी मारली. बहिणीनेही मारली, नीट मोजूनमापून, जसं गिऱ्हाइकाचं माप घेतात.

काही दिवस आनंदाचे गेले. मग एकदा धाकटी ओट्याशी चहा गाळत होती, डोक्यावरचा बल्ब लागलेला होता, आणि थोरली सवयीने उजेड कुठून पडतोय ते बघत होती. कपाची सावली ओट्यावर होती. गाळणीची होती. गाळणी धरणाऱ्या हाताची नव्हती. गाळणी आपली एकटीच हवेत तिरकी झाल्यासारखी ओट्यावर दिसत होती. थोरलीने वर पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली नव्हती, नाकाखाली नव्हती, हनुवटीखाली नव्हती. सगळा चेहरा एकसारखा लख्ख.

"काय बघतेस गं अशी?" धाकटी हसली.

लोकांच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. लोकांचं लक्ष असतं कुठे! उलट शेजारणी म्हणत होत्या, काय तेज आलंय हिच्या चेहऱ्यावर. एकीने क्रीमचं नाव विचारलं.

धाकटी आता झोपत नसे. दिवे लावून, डोळे उघडे ठेवून पडून राही आणि सकाळी ताजीतवानी उठे. आईचे कपडे तिने एका दुपारी कापून पुसायची फडकी केली आणि सारख्या आकाराची म्हणून कौतुकाने थोरलीला दाखवली. एक गिऱ्हाईक बाई तान्हं मूल गेल्याचं सांगून तिच्यासमोर हमसून रडली, तेव्हा धाकटी तशीच हसतमुखाने म्हणाली, "मग आता कंबर पूर्वीच्याच मापाची ठेवू ना?" ती बाई कापड तिथेच टाकून निघून गेली. धाकटीला कळलंच नाही, ती का गेली.

"तुला आईची आठवण येते का गं?" थोरलीने भीतभीत विचारलं.

"येते ना. या खोलीत असायची. खोली आता किती मोकळी झाली, बघ."

तिकडे थोरलीची वेगळीच गत. नाट्यगृहात एकच दिवा लावून ती रंगमंचावर जागा तपासायला उभी राहिली, की तिच्या दोन सावल्या पडत. "अहो, दुसरा दिवा बंद करा की," विंगेतून कुणीतरी ओरडे. दुसरा दिवा नसेच. आणि ती दुसरी सावली धड उभीही राहत नसे. ती बसलेली असे, पाठीत वाकून, आणि तिचा पाय एकसारखा वर-खाली होत असे. थोरलीच्या कानात मशीन थांबत नव्हतं. दिव्यांच्या बोर्डवर काम करताना तिचाही पाय नकळत दाबला जाई. पण खरं सांगायचं तर ती त्या आवाजाची वाट पाहू लागली होती. कारण घरघरीच्या शेवटी दर वेळी आई बोलायची. पुरे कर आता, पाय दुखतील तुझे. थोरलीशी आई इतक्या मायेने शेवटचं कधी बोलली होती, ते तिला आठवत नव्हतं.

ज्या दिवशी धाकटीने गरम इस्त्री स्वतःच्या तळहातावर टेकवली आणि जळल्याचा वास आला तरी ती कुतूहलाने बघत राहिली, त्या दिवशी मात्र थोरली धावत डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अंधार काढून घेतलास तिचा," ते म्हणाले. "माणसातून अंधार गेला की उजेड उरतो, हे खरं. पण उजेडाला आई नसते, बहीण नसते. त्याला दुखतही नाही. थोड्या दिवसांनी ती नुसती लख्ख होईल. हसेल, बोलेल, पण आत कुणी नसेल."

"मग परत कसं देऊ? सांगा, मी काहीही करते."

"दोघींनी एका दिव्यापुढे बसायचं. आणि तू तुझं सांगायचं. तुझं तुला सापडलं, की जे तुझं नाही ते राहणार नाही."

"माझं काय? माझं तर काहीच..."

"इतकी वर्षं येतेस तू इथे," डॉक्टर म्हणाले, "आणि छत्र्याच आणतेस."

पुढच्या रविवारी दुपारी थोरली नाट्यगृहातला एक छोटा स्पॉटलाइट घेऊन धाकटीकडे गेली. धाकटीने हौसेने पडदे ओढले, दोन खुर्च्या भिंतीसमोर मांडल्या. "नाटक करायचंय का ताई?" तिच्या हातावर पट्टी होती आणि चेहऱ्यावर तेच हसू. थोरलीने मागे दिवा लावला आणि दोघी बसल्या. भिंतीवर दोन खुर्च्यांच्या सावल्या पडल्या. एक खुर्ची रिकामी होती. दुसरीत दोघी बसलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीचा पाय हलत होता.

"आई गेली तेव्हा मी नव्हते," थोरलीने सुरुवात केली. "मी कामात होते. रंगीत तालीम होती."

पाय हलत राहिला.

"मी तुला मदत करायला हवी होती. मी कमी पडले."

मशीनचा आवाज वाढला. हे असलं तर कुठलीही बहीण कुठल्याही बहिणीला म्हणते. बाजूला धाकटी गंमत बघावी तशी भिंतीकडे बघत होती, पापणी न लववता. जे सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ते तिने इतके दिवस इतकं नीट झाकलं होतं की हात तिथवर जाईना.

आणि हात आखडायला आणखी एक कारण होतं. आत्ता ती बोलली, तर आईचा आवाज जाईल. तिने तो आवाज एकदा पूर्ण ऐकून घेतला. मग पुन्हा एकदा. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या सावलीकडे पाहिलं.

"तालीम थांबलेली होती," ती म्हणाली. "चहाची सुट्टी होती. मी बोर्डापाशी एकटीच बसले होते, हातात चहा होता. फोनचा आवाज चालू होता. वाजला, तुझं नाव आलं. मला कळलं की आईचं काहीतरी आहे. मी फोन पालथा ठेवला. पुन्हा वाजला. मी तो वाजताना बघत बसले. वाजायचा थांबला तेव्हा मला बरं वाटलं."

धाकटी हसतच होती.

"मला आईला मरताना बघायचं नव्हतं. मला वाटलं, धाकटी आहे ना तिथे. तिला बघू दे. मी फोन उचलला असता तर तू मशीनवर बसलीच नसतीस. मला यायला सांगायलाच तू फोन करत होतीस. नंतर तुझं मी माझ्या अंगावर घेतलं, ते तुझ्यासाठी नाही घेतलं. त्याने माझं झाकलं जाणार होतं." तिने भिंतीवरच्या आपल्या सावलीकडे बोट केलं. "ही माझी. एवढीच माझी."

पाय थांबला.

मशीन असं बंद पडलं, की खोलीतली शांतता कानाला टोचली. भिंतीवरची बारीक खांद्यांची सावली उठून उभी राहिली. आपल्या आयुष्यात थोरलीने हजार सावल्या हलवल्या होत्या, पण एखादी सावली स्वतःहून चालताना तिने पाहिली नव्हती. ती शेजारच्या खुर्चीपर्यंत गेली आणि हळूच बसली. थोरली आतल्या आत आईचे शब्द घट्ट धरू पाहत होती. पुरे... पुरे कर... मग पुढे काय होतं? पायांचं काहीतरी. मग तेही नाही. मूठ उघडावी आणि पाणी कधीच गळून गेलेलं असावं, तसं झालं.

शेजारून एक आवाज आला. आधी तो माणसाचा वाटलाच नाही. धाकटी वाकून, पोट धरून ओरडत होती. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ती "आई गं, आई गं" करत होती, हाताची जळजळ आणि आईचं जाणं दोन्ही एकदमच तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने मान वळवली, तेव्हा दिव्याचा उजेड एका गालावर पडला आणि दुसरा गाल अंधारात गेला. डोळ्यांखाली काळं आलं. नाकाच्या बाजूला सुरकुती आली. इतकं कुरूप आणि इतकं आपलं तोंड थोरलीने पूर्वी पाहिलं नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"धाकटे," म्हणत तिने हात पुढे केला.

धाकटीने तो झटकला.

"सुट्टी होती?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता, पण तो तिचा होता. "चहा पीत होतीस तू? मी इथे वेड्यासारखी फोन लावत होते, ताई. आईचा श्वास लागला होता, मला एकटीला भीती वाटत होती. तू कामात असशील म्हणून मी सगळ्यांशी तुझ्या वतीने भांडले. मावशी बोलली तर तिला गप्प केलं मी."

थोरली नुसती मान हलवत राहिली. बहीण परत आली होती. पुरी परत आली होती, रागासकट, आणि तो राग कधी ओसरेल, ओसरेल की नाही, हे तिच्या हातात राहिलं नव्हतं. तरी तिला त्या रागाकडे बघत राहावंसं वाटत होतं, कारण कितीतरी दिवसांनी समोर कुणीतरी होतं.

धाकटीने डोळे पुसले. उठून पडदा सरकवला, आणि दुपारचा साधा उजेड आत आला. बहिणीकडे पाठ करून ती खिडकीशी उभी राहिली. तिची सावली फरशीवरून थोरलीच्या पायांपर्यंत आली होती.

"मला एकच सांग," थोरली म्हणाली. "मला माहीत होतं ते आत्तापर्यंत. आता आठवत नाही. आई शेवटी काय म्हणाली?"

धाकटी अर्धवट वळली. थोरलीला वाटलं, सांगेल.

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. "तू आली नव्हतीस."